फोर्ज पिस्टनचे चार सेट

लेथखालचा बुरादा रोज झाडला तरी संध्याकाळी चपलेला लागतोच. आमच्या वर्कशॉपमधल्या गोष्टींचंही तसंच आहे. आता त्या ऐकायला कोणी बसत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

महागावला आमचं इंजिनचं काम चालायचं. मी इंजिन उघडायचो, बांधायचो. किसन बोअरिंग करायचा, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ती नळी, तो बोअर, मापात कोरायचा. एकेकाळी आम्ही सहा जण होतो. कापसाचे दिवस वाईट आले, ट्रॅक्टर गोठ्यात उभे राहिले आणि माणसं पुण्याकडे, सुरतेकडे निघून गेली. उरलो दोघं. मग किसनलाही त्याच्या मुलीने नाशिकला बोलावलं.

तो म्हणाला, "दाम्या, फुलसावंगीच्या प्रल्हादची जीप हातात हाय. तेवढं इंजिन बांधतो अन् जातो."

माझ्या घरी कोणी नाही. दिवसभर बोलायला किसनच होता.

*

प्रल्हादचं टायरचं दुकान, पण शौक डोंगर चढायच्या शर्यतीत जीप पळवायचा! त्याला फोर्ज पिस्टन पाहिजे होते. साधा पिस्टन ओतलेला असतो, फोर्ज पिस्टन दाबून घडवलेला. जास्त मार सोसतो. नागपूरहून चार पिस्टनचा सेट एसटीच्या पार्सलने आला.

चारही एका वजनाचे पाहिजेत, नाहीतर इंजिन थरथरतं. तेवढा बारीक काटा आमच्याकडे कुठला? मी आणि किसन सोनाराकडे गेलो. दुकानात तो एकटाच वारा घेत बसला होता. त्याने एकेक पिस्टन पुसून काट्यावर ठेवला आणि म्हणाला, "दामूभाऊ, या लग्नसराईत काट्यावर चढलेली पहिली चकचकीत वस्तू हीच!"

एक पिस्टन नऊ ग्रॅम जड निघाला. सेट परत गेला. दुसरा यायला आठ-दहा दिवस लागणार होते. खराब माल निघाला म्हणून कोणी खूश होतं का? मी झालो होतो.

*

दुसरा सेट आला तेव्हा प्रल्हाद हजर. बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर लावायला आम्हीच त्याला शिकवलं होतं. त्याने पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या पिनच्या बाजूने माप घेतलं, मग आडवं घेतलं. दोन्ही वेगळी!

"काका, हे तं गोलच नाही! फसवलं आपल्याले!"

किसन हसायला लागला. "अरे बाबू, त्याले असाच बनवतेत. गरम झाला का गोल होते. तुहं उलटं हाय, तू गरम झाला का वाकडा होते!"

प्रल्हादने पिस्टन माझ्या हातात दिला. मग माझी पाळी. मी पिस्टन मोजले आणि म्हणालो, "मोठे हाय. चारही मोठे हाय. बोअरमंधी फसतीन."

खरं म्हणजे तासभर ते पिस्टन बाहेर पत्र्यावर ठेवले होते, वैशाखाच्या उन्हात. ॲल्युमिनियम उन्हाने फुगतं. मोजायच्या आधी पिस्टन माठाजवळ सावलीत निवू द्यायचे, हा आमचा तीस वर्षांचा नेम.

किसनने पिस्टनला हात लावला. चटका बसला असणार. त्याने बोटावर फुंकर मारली आणि खोकं बांधायला सुतळी घेतली. सेट परत गेला.

*

तिसऱ्या सेटला मी बारीक चीर शोधायला बसलो. आमची रीत साधी. पिस्टन रॉकेलमध्ये भिजवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडूची भुकटी टाकायची. चीर असली तर आतलं रॉकेल बाहेर येतं आणि भुकटीवर रेघ उमटते.

"किसन! हे पाह्य, रेघ!"

किसन आला. वाकून पाहिलं, चिमटीने ती रेघ उचलली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"मिशीचा केस हाय बे तुहा. हाही नागपूरले वापस पाठवतं का?"

मी म्हणालो, "केस असन, पण मले हा सेट पटत नाही."

"काहून?"

"नाही पटत."

तोही परत गेला. संध्याकाळी नागपूरच्या दुकानदाराचा फोन आला. "काका, एक बात बताओ, पिस्टन पाहून राह्यले का सून?"

*

चौथा सेट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी किसनची बॅग वर्कशॉपच्या बाकावर होती, भरून, कुलूप लावून. सकाळीच म्हणाला, "आज बसवून टाकू. रात्रीच्या गाडीने निघतो."

मी सोनाराकडे जाऊन वजन केलं. सारखं. भुकटी टाकली. स्वच्छ. पिस्टन माठाजवळ रात्रभर निवले होते, माप बरोबर. पिन बोटाने ढकलली, लोण्यासारखी गेली. तीनदा पाहिलं. असा सुंदर सेट मी आयुष्यात पाहिला नव्हता! माझ्याकडे सांगायला एकही खोट उरली नाही.

प्रल्हाद जीपच्या बंपरवर बसून वाट पाहत होता. "काका, पास का नापास?"

मी फडक्याला हात पुसत राहिलो. शेवटी म्हणालो, "पास."

"थांब," किसन म्हणाला. "मले पाहू दे."

चष्म्याशिवाय किसनला समोरच्या एसटीची पाटी वाचता येत नव्हती. मायक्रोमीटरच्या रेघा तर दूरच. आणि चष्मा होता बॅगेत, कुलपाच्या आत.

त्याने मायक्रोमीटर लावला. उजेडाकडे धरला. डोळे बारीक करून बराच वेळ पाहिला. मग पिस्टन खोक्यात ठेवून खोकं बंद केलं.

"दाम्या, फोन लाव नागपूरले. हाही जमत नाही म्हण!"