उजव्या हाताचा माउस

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. एकदा सांगायला तोंड उघडलं होतं, पण मधेच चहा आला आणि मी हवापाण्यावर बोलायला लागलो. आज चहा नाही. तुम्ही बसा जरा.

गोष्ट एका माउसची आहे. हो, कॉम्प्युटरच्या. हसू येतंय? मलाही यायचं, सुरुवातीला.

पण आधी दानिएलबद्दल सांगायला हवं. आम्ही त्याला दान्या म्हणायचो. कोल्हारला स्टँडसमोर त्याच्या वडलांची रसवंती होती. लहान असताना ऊस सारता सारता त्याचा उजवा हात चरकात गेला आणि दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची. तेव्हापासून तो सगळं डाव्या हातानं करायचा. एसटीत नवीन माणूस शेजारी बसलं की आधी त्या हाताकडे बघणार, मग दुसरीकडे बघणार, मग परत हाताकडे. दान्या हात खिशात घालायचा. मी त्या माणसाकडे असा काही डोळे वटारून बघायचो की विचारू नका. मित्र होतो आम्ही. असे तसे नाही — माझ्या ताटातलं तो न विचारता उचलायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. श्रीरामपूरला कॉम्प्युटर क्लास निघाला आणि आम्ही दोघांनी नाव घातलं. रोज एसटीनं जायचं, यायचं. शिकवायचे काय, तर टायपिंग आणि कसले कसले तक्ते. पण रविवारी सर चार मशीन वायरनं जोडून द्यायचे आणि गेम लावायचे, बंदुका घेऊन पळायचा. आणि तिथं — काय सांगू तुम्हाला! — तिथं दान्या राजा होता. डाव्या हातात माउस, उजव्या हाताची उरलेली बोटं किबोर्डवर, आणि समोरचा दिसायच्या आत आडवा. पडद्यावर कुणाचा हात दिसतो का? नाही ना. त्या खोलीत पहिल्यांदा लोक त्याच्या हाताकडे न बघता त्याच्याकडे बघायला लागले. तो कसा ताठ बसायचा तिथं! मी बघितलंय.

क्लासचे माउस मात्र भिकार. ठोकळ्यासारखे, पोटातल्या गोळीला कायम मळ. मी नखानं तो मळ काढून द्यायचो. दान्याचा तळवा आखडला की चोळूनही द्यायचो. म्हणजे त्याचा हात मला माझ्या हातापेक्षा जास्त माहीत होता. हे लक्षात ठेवा. पुढं लागेल.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी स्पर्धा ठेवली. जोडीनं खेळायचं आणि जिंकणाऱ्या जोडीनं सुट्टीभर गेमची खोली सांभाळायची. दान्याला ते हवं होतं, जिवापाड हवं होतं. रसवंतीवर त्या चरकासमोर उभं राहण्यापेक्षा दुसरं काही आपल्याला येतं, हे त्याला घरी दाखवायचं होतं. आणि जोडी म्हणजे आम्हीच, हे काय ठरवायला लागतं?

सरांनी मला सहज विचारलं, "तू कुणाबरोबर खेळणारेस? दानिएलनं तर प्रशांतचं नाव दिलंय."

प्रशांत. ज्याच्या घरी स्वतःचा कॉम्प्युटर होता तो. जो दान्याशी तोवर धड दोन वाक्यं बोलला नव्हता तो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगला खेळतो, घरी सराव होतो, म्हणून घेतला असेल. असेल ना! पण मला एका शब्दानं सांगायचं नाही? केसानं गळा कापला हो माझा. अजूनही असंच म्हणतो मी.

आणि कमाल बघा. दुसऱ्या दिवशी एसटीत हाच दान्या, प्रशांतचं नाव न काढता, मला म्हणतो, "तू ताईकडं पुण्याला चाललायस ना? मला एक माउस आन. सर म्हनले, सोताचा लावला तरी चालतंय. लई महाग नको, पन हाताला बसला पायजे."

मी म्हटलं, प्रशांतला सांग की. नाही — म्हटलं नाही. मनात म्हटलं. तोंडानं काय म्हणालो? "आणतो."

त्यावर तो म्हणाला, "तूच निवड. माझा हात तुझ्याबिगर कुनाला ठावं हाय?"

आता येतो मुद्द्यावर. फार फिरवतोय, कळतंय मला.

पुण्यातल्या दुकानदारानं काचेवर दोन माउस ठेवले. एक साधा, दोन्ही बाजूंनी सारखा, पाठीला हलका उंचवटा. मी डोळे मिटून डावा हात त्यावर ठेवला, दान्या ठेवायचा तसा. अगदी बसला. बोटं आपोआप बटणांवर. शिवाय स्वस्त. दुसरा नवीन आलेला, दिसायला देखणा, एका अंगाला कललेला, अंगठ्यासाठी डावीकडे खोबण. उजव्या हातासाठी घडवलेला. दुकानदार भला माणूस, त्यानं विचारलंसुद्धा, "डावखुरं कुणी नाही ना वापरणार?"

मी म्हणालो, "नाही."

बस. एवढंच. हेच ते.

चूक झाली नाही माझी. घाई नव्हती, गोंधळ नव्हता. त्याचेच पैसे देऊन, जास्त देऊन, मी त्याच्या हाताला बसणार नाही असा माउस निवडला. महागडा घेतला, कारण महागड्यावर कुणी शंका घेत नाही. तेवढी अक्कल होती बघा मला.

दान्यानं खोका उघडला तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला की क्षणभर वाटलं, ओरडून सांगावं. मग त्यानं डावा हात ठेवला. अंगठ्याला जागा नाही, करंगळी लोंबतेय, कड तळव्यात रुततेय. त्यानं हात उचलून परत ठेवला. मी म्हणालो, याच्यापेक्षा चांगला तिथं नव्हताच. तो म्हणाला, "सवय झाली की बसंल."

नाही बसला. सवय होईना तसा तो आणखी खेळायला लागला, तळवा लाल होईपर्यंत. क्लासचा जुना माउस घे, असं सरही म्हणाले. पण मी एवढ्या लांबून आणलेला, तो बाजूला कसा ठेवायचा? स्पर्धेत पहिल्याच फेरीत त्याचा हात आखडला. ते हरले. प्रशांत खुर्ची मागं सारून सगळ्यांसमोर म्हणाला, "थोट्याला घेतलं हीच चूक." खोलीतले सगळे वळले आणि दान्याच्या हाताकडे बघायला लागले. दान्यानं हात खिशात घातला.

मला काय वाटलं, विचाराल? बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? बरं वाटलं. म्हटलं, घे, आता कळलं कोण कुणाचं ते?

परतीच्या एसटीत तो माझ्याच शेजारी येऊन बसला. प्रशांतचं नाव द्यायला नको होतं, तुला विचारायचं धाडस झालं न्हाई, असं काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "तू एवढा भारी आनला रे. माझा हातच मेला कामाचा न्हाई." आणि मी? मी खिडकीतून ऊस बघत बसलो. एक वाक्य पुरलं असतं. कोल्हार येईपर्यंत वेळच वेळ होता.

तो परत क्लासला आला नाही. रसवंतीवर बसला, तो आजही तिथंच आहे. मी नगरला असतो. जाता-येता थांबतो. तो मला बिनबर्फाचा रस देतो, न सांगता.

परवा लेक बरोबर होती. तिला गेमसाठी माउस हवाय, रस्ताभर तेच चाललेलं. दान्यानं ऐकलं आणि ग्लास विसळता विसळता तिला म्हणाला, "पोरी, तुझ्या बापाला निवडू दे. मला त्यानं पुन्यावरनं आनलेला, अजून कपाटात हाय. असला माउस अख्ख्या श्रीरामपुरात नव्हता. माझाच हात नालायक निघाला, त्याला कोन काय करनार?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी ग्लास तोंडाला लावला.

घरी आल्यावर मी तिचा तळहात माझ्या हातावर ठेवून बघितला. बोटं कुठवर येतात, अंगठा कुठं टेकतो, ते नीट पाहिलं. मग तिच्या हाताला बसेल असा एक स्वस्तातला माउस निवडून दिला. ती खूश आहे, तासन्‌तास खेळली तरी हात दुखत नाही म्हणते.

निवडता येतं मला. तेव्हाही येत होतं.