भुकूमच्या मैदानात उचललेला झेंडा

कोल्हापूरच्या स्टँडवर स्वारगेटची गाडी लागली तेव्हा माझ्या पिशवीत बहिणीसाठी कांदा-लसूण चटणीची बरणी होती आणि डोक्यात चांगलाच तोरा होता.

तोऱ्याचं कारण सांगते. माझी धाकटी बहीण सुमन लग्न होऊन मुळशी तालुक्यात गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचे यजमान प्रकाशराव पिरंगुटच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि इतर माणसं बागकाम नाहीतर भजन सुरू करतात तसा त्यांनी फुटबॉल क्लब सुरू केला. नाव मुळाकाठ फुटबॉल क्लब. जिल्ह्याच्या लीगमध्ये हा क्लब दोन वर्षांत वरच्या गटात चढला आणि यंदा त्याच्या दुप्पट वेगानं घसरला. शेवटची मॅच राहिली तेव्हा प्रकाशरावांचा फोन आला.

"आक्का, शुक्रवारी बरोबरी जरी झाली तरी वाचतो. हरलो तर खालच्या गटात. तुम्ही कोल्हापूरच्या. नुसत्या कडेला उभ्या राहिलात तरी पोरांना धीर येईल."

मी शाळेत खेळ शिकवला, निवृत्त होईपर्यंत मुलांच्या सामन्यांना शिट्टी फुंकली. पण आपल्या कोल्हापुरात फुटबॉल कळणारी माणसं गल्लीत दहा-दहा. तिथं मला कोण विचारतंय? मुळशीत मात्र मी एकदम जाणकार! गाडी कराडच्या पुढे जाईपर्यंत मी मनातल्या मनात सल्ले जुळवत बसले होते.

स्वारगेटहून पौडकडे जाणारी शहर बस मिळाली. चांदणी चौकातले एकावर एक चढलेले पूल मागे पडले, भूगाव गेलं, आणि दोन्ही बाजूंना डोंगर व टॉवर यांची शर्यत सुरू झाली. काही ठिकाणी टॉवर पुढे होते. शेजारच्या बाईंनी मांडीवरची मेथीची जुडी निवडता निवडता विचारलं, "कुटं उतरायचं?"

"भुकूमला."

"जुनं गाव का सोसायटी?"

"फुटबॉलच्या मैदानापाशी."

"मंग आबांचं वावर म्हना की! त्या पोरांचं काय खरं न्हाई बगा औंदा. लई हरत्यात."

भुकूमला पाऊल टाकायच्या आधीच मला संघाची कामगिरी कळली.

मैदान म्हणजे खरोखरच वावर होतं. मारुतीआबा हे गावातले जुने शेतकरी. त्यांची दोन मोठी खाचरं (भातासाठी बांध घालून केलेले शेताचे तुकडे) सपाट करून क्लबनं मैदान केलं होतं. पण भाताच्या दिवसांत आबा तिथं इंद्रायणी लावत. त्यामुळे हंगामाचा पहिला अर्धा भाग संघाला घरच नव्हतं. कधी कुणाच्या पार्किंगमध्ये, कधी मंगल कार्यालयाच्या मागे सराव करून पोरं मॅचला जात आणि हरून परत येत. कापणी झाल्यावर मैदान मिळालं, तोवर संघ तळाला पोचला होता. लीगच्या माणसांनी मैदान मोजून मान्य केलं, तरी मधल्या बांधाचा गोलसमोरचा उंचवटा काही केल्या बसत नव्हता.

आबा धोतर आवरून कडेच्या आंब्याखाली बसले होते. माझी ओळख करून दिल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोल्हापूरच्या व्हय? मंग आमची पोरं बघून हसू नका."

"नाही हसणार."

"आन् ह्येबी सांगून ठिवतो. माझी लेकरं म्हनत्यात हितं भाड्याच्या खोल्या बांधू. म्या म्हनलं, पोरं वरच्या गटात टिकली तर वावर तसंच ठिवू. न्हाईतर बांधा खोल्या. शबुद दिलाय."

म्हणजे फक्त गट जाणार नव्हता, पायाखालची जमीनच जाणार होती. प्रकाशरावांनी फोनवर हे सांगितलं नव्हतं. ते दुसरीकडे बघत घसा साफ करत राहिले.

गुरुवारी सकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी पौडला गेले, गोलकीपरला भेटायला. इस्माईलभाईंचं बाजारात नळ-पाइपांचं दुकान आहे. चाळिशी उलटलेली, केसांना मेंदी, उजव्या गुडघ्याला पट्टा. गिऱ्हाइकाच्या हातून एक नळ निसटला, तो त्यांनी जमिनीपासून वीतभर वर अलगद झेलला.

"वा!" मी म्हटलं.

"बाई, नळ झेलतो मी. चेंडूचंच जमत न्हाई औंदा," ते म्हणाले. "जाळीतनं चेंडू काढायला वाकून वाकून कंबर मात्र मोकळी झाली. डॉक्टर म्हनला, हाच व्यायाम चालू ठेवा."

त्यांनी चहा आणि खारी मागवली. ही त्यांची शेवटची मॅच होती, गुडघा आता ऐकत नव्हता. हसत हसत सांगितलं, पण सांगताना हात पट्ट्यावरून फिरत होता. माझे कराडपर्यंत जुळवलेले सल्ले मी चहाबरोबर गिळून टाकले.

संध्याकाळी स्वारी मारुंजीला. तिथं एका इमारतीत चौघांत भाड्याची खोली घेऊन बिजू राहतो. केरळचा पोरगा, हिंजवडीत कंप्युटरच्या कंपनीत नोकरी, आणि संघात गोल मारणारा एकमेव इसम. तो उद्या वेळेवर येईल एवढं वदवून घ्यायचं होतं. हिंजवडीच्या अलीकडे स्कूटर अडकली. पुढे कंपन्यांच्या गाड्या, मागे कंपन्यांच्या गाड्या. कंटाळून मी उतरले आणि पदर खोचून चालायला लागले. मारुंजीच्या फाट्यावर पोचून उसाचा रस मागवला, संपवला, ग्लास परत दिला, तेव्हा प्रकाशराव स्कूटरवरून घाम पुसत आले.

"उद्या साडेतीनला मॅच," त्यांनी बिजूला बजावलं.

"सर, हाफ डे टाकला मी. पक्का येतो," बिजू म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "मावशी, कोल्हापूरला लई पब्लिक येतो ना मॅचला? इथे तर म्हशी जास्त असतो."

शुक्रवारी म्हशी नव्हत्या. गाव मात्र बरंच आलं होतं. डोंगरावर पांगारा फुलला होता आणि मैदानात धुरळा होता. इस्माईलभाई जुम्म्याची नमाज आटोपून थेट आले. बिजूचा पत्ता नव्हता. त्याचा फोन आला तो हिंजवडीच्या चौकातूनच. तिथं एक ट्रक आडवा बंद पडला होता आणि सगळं जागच्या जागी थांबलं होतं. संघानं दहा जणांनिशीच उतरायचं ठरलं.

तेवढ्यात पंच आमच्याकडे आले. दोन लाइनमनपैकी एक आलेच नव्हते, बहुधा त्याच ट्रकच्या मागे असावेत. "कुणी जाणकार आहे का झेंडा धरायला?"

"ह्या आहेत ना, कोल्हापूरच्या," म्हणत प्रकाशरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी आधी नको म्हटलं, प्रकाशरावांची मेहुणी आहे हेही सांगितलं. समोरच्या संघाचे कोच मला पाहून हसले. "कोल्हापूरच्या ना बाई? मग चालतील. तिकडची माणसं फुटबॉलमध्ये खोटं बोलत नाहीत."

ऐकून मला फार बरं वाटलं. पदर कमरेला खोचला, हातात झेंडा घेतला.

सुमन माझ्यामागे घरून आणलेल्या पाटावर बसली होती. एवढ्या वर्षांत तिनं नवऱ्याला एक प्रश्न कधी विचारला नव्हता, तो मला विचारला. "आक्का, ते ऑफसाइड म्हणजे नेमकं काय गं?"

"पास निघताना आपला गडी समोरच्या शेवटच्या बचावपटूच्याही पुढं जाऊन उभा असला, मध्ये फक्त गोलकीपर राहिला, तर चालत नाही. मग त्यानं मारलेला गोल धरत नाहीत."

"म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून एसटीत जागा धरणं."

"अगदी तेच."

"मग त्यात काय चूक आहे?" ती म्हणाली.

पहिला अर्धा खेळ दहा जणांनी जिवाच्या करारानं खेळला. एकच घोटाळा झाला. समोरच्यानं लांबून साधाच चेंडू मारला, इस्माईलभाई तो घ्यायला वाकले आणि चेंडू त्या बांधाच्या उंचवट्यावर आपटून त्यांच्या डोक्यावरून आत गेला. आंब्याखालून आबा ओरडले, "आरं, माझ्या बांधानंच गोल मारला की रं!" सगळे हसले. इस्माईलभाईसुद्धा.

मध्यंतरात बिजू एका अनोळखी माणसाच्या मोटरसायकलवर मागे बसून आला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच, बूट हातात. तो उतरल्यावर खेळाचा रंगच बदलला. आता आमचा हल्ला माझ्याच बाजूला होता. एकदा चेंडू खांबाला लागला, एकदा त्यांच्या गोलकीपरनं छातीवर घेतला. इकडे इस्माईलभाईंनी दुखऱ्या गुडघ्यावर झेप घेऊन दोन गोल वाचवले आणि दुसऱ्या वेळी उठताना जमिनीला हात टेकून थोडा वेळ तसेच राहिले.

शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असतील. आमच्या पोरानं मधून लांब पास दिला. बिजू धावला, एकटाच पुढे निघाला, गोलकीपरला चकवलं आणि चेंडू जाळीत. मैदान उसळलं. प्रकाशराव मोबाइलवर शूटिंग करत होते, ते तर पास निघाल्यापासूनच नाचत होते. सुमन पाटावर चढली.

पास निघाला तेव्हा बिजू एक पाऊल पुढे होता.

मी झेंडा उचलला.

पंचांनी माझ्याकडे पाहिलं, शिट्टी वाजवली, गोल रद्द झाला. ओरडणारी माणसं एकेक करून गप्प झाली. नाचणाऱ्या प्रकाशरावांना सगळ्यात शेवटी कळलं. थोड्या वेळानं मॅच संपली आणि मुळाकाठ क्लब खालच्या गटात गेला. समोरच्या कोचनी हात मिळवला, तोही मला नकोसा वाटला. पोरं बसल्या जागी बसून राहिली. इस्माईलभाईंनी हातमोजे काढले, झटकले आणि मला लांबूनच मान हलवून नमस्कार केला. तो रागाचा होता की कसला, मला कळेना.

संध्याकाळी सुमनकडे सगळ्यांचं जेवण आधीच ठरलेलं होतं. जिंकलो तर आनंदाचं, हरलो तर दुःखाचं, पण खेकडे आणून झाले होते. खेकड्याचं कालवण, तांदळाची भाकरी आणि आबांच्याच वावरातला इंद्रायणी भात. आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्शाची शपथ, असं कालवण मी कधी खाल्लं नव्हतं. सुमननं मला ताट वाढलं. सगळ्यांना "घे अजून, घे" करत ती फिरली. माझ्यापाशी मात्र थांबली नाही. सख्ख्या बहिणीच्या घरी आग्रह न होणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

जेवता जेवता पोरांनी प्रकाशरावांचा मोबाइल मागितला. "बघूया तरी, खरंच ऑफसाइड होता का." सगळी डोकी एकत्र आली. पास निघेपर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं. नेमका पास निघाला आणि पडद्यावर आभाळ आलं, मग आंब्याचा शेंडा, मग प्रकाशरावांची चप्पल, मग पुन्हा आभाळ.

"अहो, आधी शूटिंग करायचं, मग नाचायचं!" सुमन म्हणाली आणि स्वतःच हसली.

बिजू खेकड्याचा पाय चोखत कोपऱ्यात बसला होता. तो हळूच म्हणाला, "मावशी बरोबर आहे. मी होता पुढे. एक पाऊल. पळताना कळलेला मला." मग खेकडा ताटात ठेवत, "वाटलं, मावशी आपलीच आहे."

सुमन उठली आणि माझ्या वाटीत न विचारता कालवण ओतून गेली.

सकाळी निघण्याआधी मी एकटी मैदानाकडे गेले. आबा बांधाच्या उंचवट्यापाशी उभे होते. हातात लांब दोरी, एक टोक जमिनीत खुंटीला बांधलेलं. म्हणजे खोल्यांची आखणी सुरू झाली होती.

"बाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल तुमचा हात जरा उशिरानं गेला वर. म्या बघितलं हितनं."

"व्हय, आबा," मी म्हटलं.

"पर गेला न्हवं." त्यांनी दोरी ओढून ताठ केली. "म्याबी शबुद दिलाय लेकरांना. मागं कसं फिरायचं? खोल्या व्हनार. पर वरच्या तुकड्यातच. ह्यो खालचा ऱ्हाऊ दे पोरांना. खालच्या गटाला आर्धं मैदान लई झालं."

तेवढ्यात इस्माईलभाई दुकान उघडायला जाता जाता मैदानावर राहिलेली चेंडूंची जाळी घ्यायला आले. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मनातल्या मनात अंतर मोजलं. "आर्धं मैदान म्हंजे पळायला बी आर्धंच," ते म्हणाले. "मंग माझा गुडघा अजून एक साल काढंल की."

अर्ध्या मैदानात लीगची मॅच होत नाही हे त्या दोघांनाही माहीत होतं. मॅचसाठी पुन्हा दारोदार फिरणं आलंच. पण सरावापुरती जागा तरी राहिली होती. मागून प्रकाशराव वही-पेन घेऊन धावत आले आणि पुढच्या हंगामाचे दिवस आबांना विचारायला लागले, भात कधी लावणार, कधी कापणार.

परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर फारसं बघितलं नाही. आबांनी पाहिलेला तो उशीर आठवत राहिला. सुमन पाटावर चढलेली मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली होती. त्या क्षणी झेंडा माझ्या मांडीशी होता आणि मला वाटलं होतं, असू दे, कुणाला कळतंय. आयुष्यभर पोरांना नियम शिकवलेल्या बाईला असं वाटू शकतं, हे मला या वयात, परक्या गावच्या वावरात कळलं. गाडीत बसून मला त्याची लाज वाटली. शेवटी हात वर गेला म्हणून बरंही वाटलं. दोन्ही बरोबरच वाटत होतं आणि साताऱ्यापर्यंत त्यातलं एकही कमी झालं नाही.

कोल्हापूरला उतरले तर स्टँडवर आमच्याच पेठेतला रिक्षावाला भेटला. जाताना त्यानंच सोडलं होतं. त्यानं पिशवी घेत विचारलं, "काय बाई, तुमच्या पाव्हण्यांची टीम वाचली का?"

"नाही रे," मी म्हटलं, "आम्ही खाली गेलो."