शेपूच्या बाजूने

माझ्या थोरल्या साडूंइतकं मन लावून ऐकणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि ते जे ऐकतात ते इतक्या थोड्या लोकांना सोसतं, की या बाबतीत त्यांना स्पर्धाही नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांची उभी हयात गेली. दिवसभर यंत्रांची घरघर ऐकलेल्या माणसाने घरी येऊन एखादं भावगीत लावावं, निदान गप्प तरी बसावं. साडूभाऊ घरी येत, हातपाय धूत, देवाला नमस्कार करत आणि प्रोग्रेसिव्ह मेटल लावत. ज्यांच्या कानांवर हा प्रकार गेलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: यात गिटारी कडाडतात, ड्रम्स कोसळतात, एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालतं, आणि आता या तालावर मान डोलवायला हरकत नाही असं आपल्याला वाटेपर्यंत ताल बदललेला असतो. कधी सात मात्रा, कधी अकरा, कधी मधूनच एखादी गायब. साडूभाऊ त्या बोटांच्या पेरांवर मोजतात. जप केल्यासारखा त्यांचा अंगठा पेरांवरून फिरत असतो आणि समेवर सगळं जुळलं की ते डोळे मिटून बारीकसा हुंकार देतात. माझी मेव्हणी सांगते, "मला बघायला आले तेव्हाही यांचा अंगठा फिरत होता. मला वाटलं, फार धार्मिक स्थळ आहे."

हा माणूस चारचौघांत नेणं जोखमीचं असतं. आमच्या घरच्या सत्यनारायणाला ते काळा टी-शर्ट घालून आले होते. छातीवर कुठल्याशा बँडचं नाव होतं, पण ते अशा अक्षरांत की गुरुजींनी पूजा थांबवून विचारलं, "हे काय, वडाच्या पारंब्या का?" साडूभाऊ अदबीने म्हणाले, "नाव आहे गुरुजी. वरून तिसरी पारंबी म्हणजे एम." माझ्या पुतण्याच्या वरातीत तर त्यांनी कहर केला. नाशिक ढोल रंगात आलेला, सगळे घामाघूम होऊन नाचताहेत, आणि हे ताशेवाल्याच्या कानाला लागले: "दर दुसऱ्या फेरीला एक मात्रा सोडून बघता का?" ताशेवाला बिचारा हौशी निघाला. त्याने सोडली. पुढच्याच क्षणी नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले, नवरीचे मामा थेट घोड्याच्या पुढ्यात बसले आणि वरात जागच्या जागी थबकली. साडूभाऊ मात्र कडेला उभे राहून तृप्त चेहऱ्याने म्हणत होते, "जमलं की राव त्याला!" त्या दोघांची अजून दोस्ती आहे.

त्यांच्या घरी पाहुण्याला आधी पाणी, मग चहा आणि मग गाणं मिळतं. गाण्याच्या मध्यात एक शांत जागा येते, तेव्हा चिवडा चावायचा नाही, हा त्या घरातला कडक नियम. मी कित्येकदा तोंडात शेंगदाणा धरून बसलेलो आहे. गाणं संपल्यावर त्यांचं मत ऐकण्यासारखं असतं, फक्त त्याची भाषा ठाऊक हवी. 'चांगलं आहे' असं ते कधीही म्हणत नाहीत. अतिशय आवडलं तर "परत ऐकू" एवढंच म्हणतात. आणि एखाद्या बँडबद्दल "मेहनती मुलं आहेत" असं म्हणाले, की त्या मुलांचा निकाल लागला असं समजावं.

या त्यांच्या मताला किंमत होती, कारण दर हिवाळ्यात ते या संगीताचा एक दिवसाचा महोत्सव भरवत. जागा पिंपळगावकडच्या एका द्राक्ष बागाईतदारांच्या शेडची. हंगामात तिथे द्राक्षं निवडून पेट्या भरतात, त्याआधी शेड रिकामं असतं. बागाईतदार स्वतः या संगीताचे वेडे. फवारणी करताना ट्रॅक्टरवर हेच लावत. बँड निवडायला आम्ही चौघं: साडूभाऊ, बागाईतदार, तिसरे देवळाली कॅम्पचे एक सुभेदार, तोफखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर तोफा ऐकल्यामुळे त्यांची तक्रार नेहमी एकच असे: "सब ठीक आहे भाऊ, पण आवाज कम है." आणि चौथा मी. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि साडूभाऊंना तेच हवं होतं. "तुमचे कान कोरे आहेत," ते म्हणाले, "जाणकारांनी जाणकारांसाठी निवडलं तर मुलं नुसती कसरत करून दाखवतात." तेव्हापासून दर रविवारी सकाळी नाशिक रोडच्या एका मिसळीच्या दुकानात आमची बैठक बसे; साडूभाऊंना मी माझ्या गाडीतून घेऊन जाई. आठवडाभर गाणी घरी ऐकायची आणि रविवारी रश्शाच्या साक्षीने भांडायचं.

आता यातली नाजूक गोष्ट सांगायला हवी. साडूभाऊंना एकच मुलगी, केतकी. ती पुण्यात नोकरी करते आणि ड्रम्स वाजवते. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून ती त्याच्या पेरांवर मोजायला शिकली. दोन वर्षांपूर्वी तिच्या बँडने महोत्सवासाठी गाणं पाठवलं. साडूभाऊंनी ते ऐकलं आणि सगळ्यांसमक्ष म्हणाले, "मेहनती मुलं आहेत." दुसऱ्या कुणी हे कौतुक म्हणून घेतलं असतं. केतकी त्या घरात वाढलेली. नंतरही ती रोज फोन करत राहिली. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, आई कशी आहे, सगळं विचारी. फक्त पूर्वी जे कच्चं, अर्धवट, काल रात्री बसवलेलं असं काहीबाही ती बापाला पाठवायची, ते थांबलं. त्यानंतर तिचं एकही गाणं साडूभाऊंच्या कानावर पडलं नाही. मेव्हणी चिडून म्हणायची, "निःपक्षपाती दिसायच्या नादात लेकीला कमी मार्क दिले यांनी." साडूभाऊंनी हे कधी खोडून काढलं नाही. एकदा मिसळ खाता खाता मला म्हणाले, "मी खरंच गाणं ऐकलं की मुलगी ऐकली, हे माझं मलाच कळत नाही हो." ज्या माणसाचा आयुष्यभर फक्त कानांवर भरवसा, त्याचा तोच गेला होता.

म्हणून पुढच्या वेळी त्यांनी नवी पद्धत काढली. बँडची नावं आम्हाला कळूच द्यायची नाहीत. गाणी सगळी बागाईतदारांच्या मंडळींच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या फोनवर येत, आणि त्या आम्हाला पुढे पाठवताना त्यांना आपल्या मनाने नाव देत. वहिनींना सोपं पडलं ते त्यांनी केलं: ज्या दिवशी गाणं आलं त्या दिवशी घरात जी भाजी, ते त्या बँडचं नाव. आणखी एक नियम केला: निवड झाल्यावर नावं उघडायची, आणि बँडमध्ये आमच्यापैकी कुणाच्या नात्यातलं माणूस निघालं तर त्या निवडणाऱ्याचं मत बाद.

पद्धत न्याय्य होती, पण भाज्या न्याय्य नसतात. वांगं सगळ्यांना पहिल्या फटक्यात पसंत पडलं. गवारीवर सुभेदार फिदा. बटाट्याला कुणी नावं ठेवली नाहीत. आणि मग शेवटच्या एका जागेसाठी दोघं उरले: कारलं आणि शेपू. "शेपू मला लहानपणापासून नाही आवडत," सुभेदारांनी ऐकायच्या आधीच सांगून टाकलं. मी ऐकलं, तर माझं डोकं दुखायला लागलं. सुभेदार आणि मी कारल्याच्या बाजूचे झालो आणि साडूभाऊ शेपूच्या. मी त्यांना इतकं पेटलेलं कधी पाहिलं नव्हतं. ओळीने तीन रविवार ते शेपूसाठी भांडले. रस्सा निवून जाई, पाव कडक होई, यांचं आपलं चालूच. "त्या ड्रमरकडे लक्ष द्या," ते मला सांगत, "घाई नाही त्याला. दाखवायचा सोस नाही. बाकीचे वाजवताहेत तेव्हा तो ऐकतोय. हे शिकवून येत नाही. कुणाच्या घरचा पोरगा आहे कोण जाणे, पण आईबापांनी चांगलं वळण लावलंय." बागाईतदार म्हणाले, "मला बी लय आवडलं. बागेत तीनदा लावलं म्या." दोन विरुद्ध दोन झाले, की साडूभाऊंचं मत वरचढ धरायचं असं ठरलेलं होतं. शेपू निवडला गेला.

बागाईतदारांनी वहिनींना फोन लावला आणि मिसळीच्या ताटांमध्ये उभा करून ठेवला. वहिनी एकेक नाव वाचू लागल्या. वांगं मुंबईचं निघालं, गवार बंगळुरूची. "आन शेपू हाय ना, तो पुन्याचा," वहिनी म्हणाल्या. "गिटार वाजवनारी दोन पोरं हायेत, गानारा एक. आन डरमवर..." त्या थांबल्या. "अगं बया! आवो भाऊ, ही तर आपली केतकी!"

साडूभाऊंचा चेहरा पाहवत नव्हता. तो आनंद होता की घाबरलेपण, मला सांगता येणार नाही. मग ते एकदम उठले. "माझं मत बाद," म्हणाले आणि बाहेर हात धुवायच्या जागेजवळच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसले.

सुभेदार हळवे झाले. "मी बदलतो मत. पोरगी आपली आहे."

"म्हणूनच बदलायचं नाही!" बाहेरून आवाज आला.

म्हणजे सुभेदार कारल्याकडे, बागाईतदार शेपूकडे, आणि आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तर तीन रविवार शेपूच्या विरोधात. शिवाय तिच्या मावशीचा नवरा नात्यात धरायचा की नाही, यावर सुभेदारांनी आणि बागाईतदारांनी थोडी चर्चा करून, धरायचा नाही असा निकाल दिला. मी म्हणालो, "शेपूला माझं मत."

साडूभाऊ मागे न वळता म्हणाले, "माझ्याकडे बघून देताय तुम्ही. तसं मिळालेलं तिला नको असेल, आणि मलाही नको."

"नाही हो भाऊ."

"मग वाजवून दाखवा. गाणं आवडलं असलं तर बोटांना ठाऊक असतं."

खरी गोष्ट अशी, की आधल्याच आठवड्यात द्वारका सर्कलला गाडी अडकली असताना माझी बोटं स्टिअरिंगवर काहीतरी वाजवत होती. मागच्या रिक्षावाल्याने शिव्या घातल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आपण शेपू वाजवतोय. तीन रविवार भांडलो त्याची लाज वाटून मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता मी चमचा उचलला आणि मिसळीच्या वाटीवर ठेका धरला. सात मात्रा, पुन्हा सात, मग ती एक गायब होणारी, आणि परत समेवर. दुकानातले लोक बघायला लागले. मी बघत होतो साडूभाऊंच्या पाठीआडून दिसणारा हात. अंगठा पेरांवरून फिरत होता. मी थांबल्यावर तोही थांबला. "ठीक आहे," ते म्हणाले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले.

महोत्सवाच्या दिवशी शेडमध्ये काळ्या टी-शर्टांची गर्दी झाली होती. वहिनींनी दुपारच्या जेवणाला मुद्दाम शेपूची भाजी आणि बाजरीच्या भाकरी केल्या होत्या, आणि सुभेदारांनी ती दोनदा मागून घेतली. उन्हं कलल्यावर केतकीचा बँड उभा राहिला. साडूभाऊ पुढे आले नाहीत. मागे रिकाम्या क्रेटांच्या थप्पीला टेकून उभे राहिले, आणि मी त्यांच्या शेजारी. गाणं सुरू झालं. त्यांचा अंगठा सवयीप्रमाणे पेरांवर फिरू लागला. मी चोरून त्या हाताकडेच बघत होतो. गाणं मध्यावर आलं, ती शांत जागा आली, केतकीने काठ्या हवेत धरल्या, आणि जेव्हा पुन्हा सगळं कोसळलं तेव्हा साडूभाऊंचा अंगठा हलला नाही. हात तसाच उघडा राहिला, पार शेवटपर्यंत.

नंतर केतकी गळ्यात टॉवेल अडकवून आली. घामाने निथळत होती. बापासमोर उभी राहिली आणि परीक्षेत प्रश्न विचारावा तसं म्हणाली, "बाबा, शेवटी आम्ही अकराचे नऊ केले. कळलं?"

साडूभाऊ म्हणाले, "नाही गं. मोजायचं राहूनच गेलं."

ती त्या घरातली असल्यामुळे तिला याचा अर्थ कुणी सांगावा लागला नाही. साडूभाऊ तिच्या हातातल्या काठ्या आपल्या हातात घेत म्हणाले, "परत ऐकव." आणि मग मात्र तिने तोच टॉवेल डोळ्यांना लावला.

गेल्या उन्हाळ्यात साडूभाऊ निवृत्त झाले आणि वीज केंद्राच्या कॉलनीतलं घर सोडून दोघं पुण्याला, केतकीजवळ राहायला गेले. ती आता तिचं कच्चं, अर्धवट, काल रात्री बसवलेलं सगळं आधी त्यांना ऐकवते, आणि मेव्हणी म्हणते की बापलेक स्वयंपाकघरात बसून भांडतात. मला फार बरं वाटतं. पण रविवारी सकाळी मिसळीच्या दुकानासमोरून जाताना मी आत जात नाही. द्वारकाला गाडी अडकली की माझी बोटं आपोआप स्टिअरिंगवर जातात. सात मात्रा जमतात, पुढच्या सातही जमतात. ती गायब होणारी मात्रा बरोबर जागी गायब झाली की नाही, हे मात्र मला अजून कळत नाही, आणि विचारायला शेजारच्या सीटवर साडूभाऊ नसतात.