पेशंट घरी ठेवून यावे

लग्नघरात किस्से साठतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आजारपणाच्या घरातही साठतात, फक्त ते सांगायला माणसं कचरतात. घरात माणूस अंथरुणाला खिळलंय आणि ह्यांना हसू सुचतंय, असं लोक म्हणतील ना! आमच्या बैठकीत ही भीड पहिल्या चहालाच गळून पडते.

मी समुपदेशक. ज्यांच्या घरी दीर्घ आजार किंवा अपंगत्व आहे अशा घरच्यांसाठी महिन्यातून एका शनिवारी बैठक घेते, एकदा जळगावला, एकदा धुळ्याला. औषधपाण्याचं डॉक्टर बघतात. आमच्याकडे त्यापलीकडचे प्रश्न येतात. हे आमच्याच वाट्याला का, देव आहे की नाही, आणि असला तर सध्या असतो कुठे.

बैठकीचा नियम एकच. पेशंट घरी ठेवून यावे, म्हणजे घरच्यांना मोकळं बोलता येतं.

नियम पहिल्याच दिवशी मोडला. पारोळ्याजवळच्या खेड्यातली अक्का आपल्या तिशीतल्या मुलाला, गोपाळला, व्हीलचेअरवर घेऊन आली. गोपाळचे हातपाय जन्मापासून आखडलेले. बोलता येत नाही, हसणं मात्र भरपूर. मी नियम सांगितला. अक्का म्हणाली, "ठेवू कोनाजोडे?"

नवरा गेलेला, दुसरं मूल नाही. मी व्हीलचेअरला जागा करून दिली.

तेव्हापासून अक्का प्रत्येक बैठकीला येते आणि प्रत्येक बैठकीत एकच विचारते, "मन्हा मांगे येले कोन देखी?" माझ्यामागे याला कोण बघणार? आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की अशा प्रश्नाला घाईनं उत्तर देऊ नये, प्रश्नाच्या शेजारी शांत बसावं. मी ते अक्काला नीट समजावून सांगितलं.

"बरं ताई," अक्का म्हणाली. "तुम्ही सवालजोडे बठा, मी गोपालजोडे बठस."

*

नियम मोडणाऱ्या दुसऱ्या म्हणजे धुळ्याच्या सरांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या वहिनी. त्यांना पार्किन्सन आहे. "पेशंट मी," त्या म्हणाल्या, "माझ्या मागे माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ऐकायचंय."

सर निवृत्त शिक्षक, विहारात प्रवचनं देतात. अनित्यावर इतकं सुंदर बोलतात की ऐकणाऱ्याला हरवलेल्या छत्रीचंसुद्धा दुःख राहत नाही. एकदा बैठकीतही रंगात आले होते. सगळं बदलतं, बदल स्वीकारला की दुःख हलकं होतं, वगैरे. मागून वहिनी शांतपणे म्हणाल्या, "माझा चहा अर्धा कप झाला, तो बदल कोणी मला विचारून केला?"

वहिनींचा हात थरथरतो, चहा सांडतो, म्हणून सर त्यांना अर्धाच कप देत होते. प्रवचन तिथेच थांबलं.

पुढच्या महिन्यात चहा आला. सरांनी वहिनींना अर्धा कप दिला, तो संपेपर्यंत शेजारी उभे राहिले आणि मग जाऊन आणखी अर्धा आणून दिला. वहिनींनी तो सावकाश संपवला, पदरानं ओठ टिपले.

"हं, आता बोला," त्या म्हणाल्या. "अनित्य."

*

एकदा मी रिकाम्या खुर्चीचा प्रयोग ठेवला. समोर खुर्ची, तिच्यात देव बसलाय असं समजायचं आणि मनातलं सगळं बोलून टाकायचं. सुरुवात अक्कानं केली. आधी लाजली, मग तिला असा सूर लागला की मीच सावरून बसले.

"तुले काही लाज शे का? एक लेकरू दिधं, तेबी असं! वरथून नवराबी लई गया!"

तेवढ्यात रावेरचे भाऊ आले. केळीवाले. धाकटा भाऊ ट्रॅक्टरवरून पडून कमरेखाली अधू झालाय, त्याचं सगळं हेच करतात. केळीचा ट्रक भरून द्यायचा होता म्हणून उशीर झालेला. हॉलमध्ये एकच खुर्ची रिकामी दिसली, भाऊ जाऊन बसले.

अक्का काही थांबली नाही. भाऊंनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग हात जोडले आणि मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. शेवटी अक्का म्हणाली, "आते बोल."

"अक्का," भाऊ चाचरत म्हणाले, "उशिरा आलो ते चुकलंच माहं. पन एवढं सगळं मी नाही केलं."

हॉलमध्ये हशा पिकला. अक्काही डोळे पुसत हसत होती. "बठ रे भाऊ," ती म्हणाली, "देवबी उशिराच येस."

*

पुण्याहून ध्यान शिकवणारे एक गृहस्थ आले होते. श्वास सोडा, विचार सोडा, चिंता सोडा, असं मऊ आवाजात सांगत होते. थोड्याच वेळात हॉल असा शांत झाला की ते भारावून गेले. मला हळूच म्हणाले, "इतकी खोली मला पुण्यात मिळत नाही." खरं तर मंडळी गाढ झोपली होती. रात्रीअपरात्री उठून कूस बदलून देणाऱ्या माणसांना डोळे मिटायला सांगितल्यावर दुसरं काय होणार?

मग कोणाच्या तरी मोबाइलवर औषधाचा अलार्म वाजला. अलार्म एकाचा, पण अख्खा हॉल ताडकन उठला आणि पेशंट घरी आहे हे विसरून जो तो आपापल्या पिशवीत हात घालून गोळ्या शोधू लागला. ते गृहस्थ बिचारे बघतच राहिले. "तुम्ही चिंता कुठपर्यंत सोडल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "दुपारच्या गोळीपर्यंत."

*

हिवाळ्यात भाऊंच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती. मी जाहीर केलं की आज आजारपणाचा विषय काढायचा नाही, जो काढेल त्यानं भरीत ठेचायला बसायचं. पहिले सर बसले. मग भाऊ. मग अक्का. वांगी सोलून होईपर्यंत सगळे ठेचायला आणि बघायला कोणीच नाही! "डॉक्टरांनी मला तिखट बंद केलंय," असं मी म्हटलं आणि माझ्याही हातात दांडा आला.

इतकं मऊ भरीत मी जन्मात खाल्लं नाही.

*

गेल्या श्रावणात अक्काच आजारी पडली. पित्ताशयात खडे. गोपाळकडे कोण बघणार म्हणून ऑपरेशन पुढे ढकलत राहिली आणि शेवटी दुखणं इतकं वाढलं की धुळ्याला दवाखान्यात भरती व्हावं लागलं. त्यात कानबाईचा सण तोंडावर. सुरतेला असलेला तिचा दीर, पुतण्या किरण, सगळे गावी आले होते. गोपाळला त्यांच्याकडे ठेवण्यावाचून इलाज नव्हता. जन्मात पहिल्यांदा तो आईशिवाय राहत होता.

कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, त्यांच्या घरी गहू घेण्याची रीत आहे. भावकीतला प्रत्येक पुरुष आपल्या नावाची मूठ आपल्या हातानं सुपात टाकतो. सगळ्या मुठी पडल्याशिवाय दळण होत नाही.

ऑपरेशन नीट झालं. पण जेवायची परवानगी मिळाली तरी अक्का घास घेईना. "किरनना डोकं फोनमाच ऱ्हास," एवढंच म्हणायची. मला तिची खूप काळजी वाटत होती, आणि खरं सांगायचं तर किरणचा मलाही भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी किरण गोपाळलाच घेऊन आला. गोपाळची दाढी केलेली, अंगात नवा शर्ट. अक्कानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि पहिलं विचारलं, "येन्ही मूठ पडनी का?"

"पडनी ना काकू," किरण म्हणाला. "पन टाइम लागना. गहू त्याना हातमा दिधा, हात सूपवर धरा, पन मूठ सुटेच ना. बाबा म्हने, थांबा. बठ्ठा लोक थांबनात. बाया दळण लईसन बठेल. मन्हा फोन वाजी वाजी बंद पडना, मी हात कसा सोडू? मंग सुटनी. सगळा गहू सूपमा."

गोपाळ हसत होता. अक्का त्याच्या हाताकडे बघत होती.

"काकू, तू दरसाल कशी सोडाले लावस?" किरणनं विचारलं. "काही युक्ती व्हई ते सांगी ठेव. पुढला साल कामाले यी."

अक्कानं गोपाळचा हात आपल्या हातात घेतला.

"मी त्याले कधी टाकूच दिधं नही," ती म्हणाली. "त्यान्ही मूठ मीच टाकी देस."