जप्त केलेले चेंडू

कपाट आवरताना मागच्या कोपऱ्यात तीन रबरी चेंडू सापडले. पूर्वी सोसायटीतली मुलं खाली खेळायची आणि चेंडू माझ्या गॅलरीत यायचा. "काका, चेंडू द्या ना," म्हणत ती दारात उभी राहायची. "आधी आईला घेऊन या," मी सांगायचो. हळूहळू बेल वाजायची थांबली. मला वाटलं, मुलांना शिस्त लागली.

आता खाली पार्किंगचे पट्टे आहेत आणि मुलं घरात. हीच शांतता मी मागत होतो का? काल तिन्ही चेंडू खाली टाकले आणि संध्याकाळभर कठड्याशी उभा राहिलो.

आज सकाळी बेल वाजली. दारात वॉचमन होता.

"साहेब, तुमचे चेंडू खाली पडले होते."

तिन्ही होते.