उसाच्या पानावरचं मेण

त्या दुष्काळात तेलगावच्या बाजूच्या आमच्या गावात पाणी टिकलं ते फक्त सोसायटीच्या विहिरीत. तिच्यावरचं डिझेल इंजिन अण्णा, म्हणजे माझे वडील, चालवायचे. एके दिवशी पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला, वास सुटला आणि गावाने ठरवूनच टाकलं की अण्णांनी डिझेल सांडलं. चेअरमननी इंजिनघराची किल्ली काढून घेतली. अण्णा बशीत चहाचा थेंबसुद्धा सांडू देत नसत. माझं डोकंच फिरलं.

मी तेव्हा औरंगाबादला रसायनशास्त्र शिकत होते. तवंग आणि गाळ बाटलीत भरून नेला आणि सरांच्या मागे लागून तपासायला लावला. हायड्रोकार्बन निघाले. डिझेल म्हणजेही तेच. पण तपासणीचा आलेख नीट पाहिला आणि मी खुर्चीवरून उठलेच! विषम संख्येच्या कार्बनसाखळ्यांचे सुळके ताडमाड उंच, सम संख्येच्यांचे अगदी बुटके. डिझेलमध्ये असा पंक्तिप्रपंच नसतो. हे होतं पानांवरचं मेण, अंगातलं पाणी उडू नये म्हणून झाडांनी केलेलं. सर म्हणाले, समुद्रातल्या सूक्ष्म जीवांसोबत असं मेणही गाळाखाली हवेविना दडपलं जातं, तापतं आणि कोट्यवधी वर्षांनी त्याचं खनिज तेल होतं; तोवर सम-विषमचा फरक मिटून जातो. आमच्या विहिरीतलं मेण कालपरवाचं होतं.

पान कुठलं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. जनावरांसाठी आणलेलं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, सगळं गाव विहिरीच्या काठावरच टाकत होतं. वाऱ्याने ते आत पडून कुजलं होतं आणि तवंग त्या कुजण्याचा होता.

एसटीत मला एका जागी बसवेना. चेअरमनसमोर मी उसाचं कांडं नखाने खरवडलं, पानांवरही असतं त्या मेणाची पांढरी पूड दाखवली आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. वाढं प्रत्येकाचंच होतं, त्यामुळे दोष कुणा एकाला देता येईना. विहीर उपसायचं ठरलं. किल्ली अण्णांच्या हातात आली आणि मला नाचावंसं वाटलं.

घरी निघाल्यावर अण्णा म्हणाले, "बरं झालं आजच आलीस. उद्या मी कबूल करनार व्हतो."

"कावून? तुमी सांडलं नव्हतं ना?"

"न्हाई. पर समदेच म्हनाया लागले, मंग मलाबी वाटाया लागलं, सांडलं आसंल."

मग ते घरी आलेच नाहीत. डिझेल कुठं गळतंय का ते बघायला तसेच इंजिनाकडे वळले.