आर्गिरोमावशीचे गहू

हान्या शहराच्या जुन्या बंदरामागच्या गल्ल्यांत दुपारी वेळ कुठं हरवतो कळत नाही. भिंती उन्हानं पिवळ्या होतात, मांजरं उंबऱ्यांवर पसरतात आणि आर्गिरोमावशी चालत राहते. चाकूवाल्यांच्या गल्लीतून, कातड्याच्या बाजारातून, काहीच काम नसल्यासारखी. शेवटी आमच्या संग्रहालयात येते. मी तिथला पहारेकरी.

"पगार घेऊन झोपा काढतोस काय रे, लेफ्तेरी?"

"तुमचीच वाट बघत होतो, मावशी."

"लोणी लावू नकोस."

तिचा भाऊ सीफिस तरुणपणी बोटीवर गेला. बोट बुडाल्याची बातमी आली, प्रेत आलं नाही. "जित्या माणसाच्या नावानं गहू शिजवायचे नाहीत," असं बजावत त्यांची आई वारली. आमच्याकडे आत्म्यांच्या शनिवारी घरोघर गहू उकडतात आणि साखर, डाळिंबाचे दाणे घालून मेलेल्यांच्या नावानं वाटतात. सीफिसच्या नावानं मावशीनं कधीच वाटले नाहीत. वाटायची ते आमच्या संग्रहालयातल्या थडग्यावरच्या एका प्राचीन शिळेच्या नावानं. तिच्यावर नावेच्या टोकाशी बसलेला, बुडून गेलेला एक पोरगा कोरलाय.

"ह्याच्या मागं कोण आहे बिचाऱ्याच्या?" म्हणत ती ताटली घेऊन बसायची. नियम धाब्यावर बसवून मी खायचो; ती स्वतः दाणाही तोंडात घालायची नाही. गहू खरे कोणाच्या नावाचे ते गावाला ठाऊक होतं, बोलायचं कोणी नाही. मला मात्र तिचा राग यायचा. दगडापुढे डोळे पुसते, मग एकदा खरं का बोलत नाही ही बाई?

यंदा त्या शनिवारी ती आली तेव्हा भिंतीवर शिळेच्या जागी नुसता फिकट चौकोन होता.

"कुठं गेला?"

"दुरुस्तीला, अथेन्सला. येईल परत."

"असंच म्हणतात सगळे," ती म्हणाली आणि ताटली घेऊन बाहेर पडली.

खुर्ची सोडून मी तिच्या मागं गेलो. ती झोपेत चालल्यासारखी गल्ल्यांमागून गल्ल्या उतरली आणि बंदराच्या कट्ट्यावर बसली. मी मूठभर गहू घेतले. खाताना मेलेल्याचं नाव घेऊन 'देव त्याला क्षमा करो' म्हणावं लागतं.

"कोणाच्या नावानं म्हणू, मावशी?"

"खा मुकाट्यानं."

"नाव घेतल्याशिवाय घशाखाली उतरत नाही."

तिनं ताटली बाजूला ठेवली आणि पाण्याकडे तोंड केलं.

"सीफिसच्या," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "माझ्या सीफिसच्या! मिशीसुद्धा नीट फुटली नव्हती रे त्याला."

"देव सीफिसला क्षमा करो," मी म्हटलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मावशीनं ताटलीतली एक मूठ स्वतःच्या तोंडात घातली आणि रडत रडत चावू लागली.